फुटाला एक सूत

गोरक्ष : …ते तिसरं रंध्याचं मशीन राहू द्या, वहिनी. त्याच्यात लांब पात्यांच्या जागी बारीक चौकोनी दात हायेत. आवाज कमी, फळी अशी निघते की हात घसरावा. पण ते कुणी घ्यावं, ज्याच्याकडं रोज पाच-सहा दारं निघतात त्यानं. तुमचं काम घरगुती. उगाच महागाचं तुमच्या गळ्यात मारलं तर सोमनाथभाऊ वरून शिव्या देतील मला. आधी सांगा, करणार काय त्याच्यावर?

मनीषा : देवघरं, चौरंग, पोळपाट. ऑर्डरी यायला लागल्यात. पण पहिलं काम पाटांचं. हिच्या लग्नाचे पाट.

गोरक्ष : आपल्या स्नेहलचं लग्न? अन् मला आत्ता कळतंय. ही एवढीशी होती, भाऊंच्या स्कूटरवर पुढं उभी राहून यायची. भाऊ पटाशीची धार बघत बसायचे, अन् ही काउंटरवरचे सगळे स्क्रू एकात एक मिसळून ठेवायची. दोन दिवस निवडत बसायचो मी. कधी आहे गं?

स्नेहल : पुढच्या महिन्यात, वीस तारखेला. तुमची पत्रिका पर्समध्येच आहे अंकल. पण आधी मशीन ठरू दे. नाहीतर आई म्हणेल, पत्रिका दाखवून डिस्काउंट मागतेस.

गोरक्ष : मागायचा की. किती पाट करायचे?

मनीषा : चार.

स्नेहल : तीन.

गोरक्ष : चार करा नाहीतर तीन करा, मशीनला काय फरक पडत नाय.

मनीषा : चार. नवरा-नवरीचे दोन, आणि कन्यादानाला बसणाऱ्या जोडीचे दोन. हिचे बहिरूकाका आणि काकू बसणार आहेत. तसं ठरलंय.

स्नेहल : तसं तू ठरवलंयस.

मनीषा : तीन तिगाडा काम बिगाडा म्हणतात. मशीनचं बोला, गोरक्षभाऊ.

गोरक्ष : बरं बाई, मशीनचं बोलू. लाकूड कुठलं हाय?

मनीषा : सागवान. जुन्या पॅटर्नचं. आमच्या कंपनीच्या शॉपमधलं लाकूडकाम आता बंदच होतंय. ओतकामाचा साचा आम्ही आधी लाकडात बनवायचो, त्यालाच पॅटर्न म्हणायचो. आता तो कसल्याशा पिवळ्या ठोकळ्यातून कॉम्प्युटरवर कोरून निघतो. गोडाऊनला तीस-तीस वर्षांचे पॅटर्न पडून होते, ते जळण म्हणून काढायला निघाले. मी उचलून आणले. इतकं मुरलेलं सागवान वखारीत शोधून मिळायचं नाही.

गोरक्ष : अन् त्याच्यातले खिळे?

मनीषा : लोहचुंबक फिरवून काढले. पितळेच्या पिना लोहचुंबकाला कळत नाहीत, त्या नखानं चाचपून काढल्या.

गोरक्ष : एखादा राहिला तर पात्याला दातरा पडतो, मग प्रत्येक फळीवर एक लांब रेघ उमटत जाते. दातांच्या मशीनचं तेवढं बरं असतं, तुटला तो एकच दात फिरवायचा.

मनीषा : राहिला नाही.

स्नेहल : अंकल, आई राहिला नाही म्हणाली म्हणजे राहिला नसणार. कंपनीत हिचं काम कुणी परत मोजत नाही.

गोरक्ष : ठाऊक हाय मला. भाऊ सांगायचे, घरी जॉबवर्क आणलं की पॉलिश पेपर बायको मारते, अन् माझी चूकपण तीच काढते. म्हणून तर भाऊ गेल्यावर कंपनीनं तुम्हाला घेतलं, दयेनं नाय घेतलं. बरं, लाइटीचं काय? साध्या पॉइंटवर लावाल तर वायर तापंल.

मनीषा : गिझरचा पॉइंट पार्किंगमध्ये काढून घेतलाय. पंधरा अँपिअरचा.

गोरक्ष : अन् शेजारी? हे ओरडतं लय. कानात बोळे घातल्याशिवाय उभं राहता येत नाय.

मनीषा : भिंतीपलीकडं राज म्हणून अंबडच्या कारखान्यातलाच माणूस आहे, रात्रपाळी करतो. दुपारी चारपर्यंत झोपलेला असतो. चारनंतर लावीन आणि दिवे लागायच्या आत बंद. त्याच्या बायकोशी बोलून ठेवलंय. तिला एक पोळपाट हवाय.

गोरक्ष : मग मिटलं. आता हे निळं बघा अन् हे पिवळं. पिवळं तेरा इंची, तीन पाती, वजनाला दणकट. निळं साडेबारा इंची, दोन पाती, दोन्ही अंगानं धार असलेली. एक अंग बोथट झालं की पालटून लावायचं. दोन्ही उचलून नेता येतात. उचलून म्हणजे दोघांनी, एकट्यानं नाय. अन् एक सांगतो, गिऱ्हाईकाला नंतर कळतं अन् मग ते भांडायला येतं. वाकलेली फळी हे सरळ करत नाय. रोलर दाबतो तोवर ती सरळ, बाहेर आली की पुन्हा वाकडी.

मनीषा : एक बाजू हातरंध्यानं सपाट करूनच घालायची. माहीत आहे.

गोरक्ष : तुम्हाला कसलं सांगतोय मी. बरं, मागं कोण असतं?

मनीषा : मागं म्हणजे?

गोरक्ष : इकडून तुम्ही फळी घालणार. तिकडून ती बाहेर पडते तेव्हा कुणीतरी हात लावून तोलायला लागते. नायतर टोक खाली झुकतं अन् शेवटचे दोन इंच पातं जास्त खातं. खड्डा पडतो टोकाला. तिकडच्या बाजूला कोण उभं राहतं तुमच्याकडं?

मनीषा : आत्तापर्यंत ही राहायची. करवत असो की हातरंधा, सहावीत होती तेव्हापासून धरतेय, आधी ह्यांना, मग मला. लॅबमधून दमून आली तरी ॲप्रन काढून फळी धरायची. वीस तारखेनंतर कुणी नाही.

स्नेहल : मी गंगापूर रोडला चाललेय आई, दुबईला नाही. योगेशला सांगितलंय, रविवारी मी सिडकोत आपल्या घरी असणार.

मनीषा : सासरहून कुणी फळी धरायला येत नसतं. पहिले दोन रविवार येशील. मग तिथले पाहुणे, तिथले सण. येऊही नये. म्हणून तर मशीन घेतेय.

गोरक्ष : मग निळंच. पिवळ्याला नुसती पुढं-मागं वीतभर पत्र्याची जीभ हाय. निळ्याला दोन्हीकडं घडीची टेबलं हायेत, उघडली की लांब होतात. मागचं टेबल नखभर वर उचलून बसवायचं, म्हणजे फळीचं टोक ते स्वतःच तोलतं. पाटाची फळी काय, दीड-पावणेदोन फुटांची. एकटं माणूस इकडून घालून, निवांत चालत तिकडं जाऊन घेऊ शकतं.

मनीषा : तेच पाहिजे. एक फळी आणलीय बरोबर, चालवून दाखवा. तीन पट्ट्या चिकटवून केलीय. एक बाजू सपाट आहे, जाडी काढायची राहिलीय.

गोरक्ष : रुंदीला केवढी?

मनीषा : सव्वाबारा इंच आणि वर एक सूत. तुमचं मशीन साडेबाराचं. मोबाईलवर वाचून मुद्दाम एक सूत मोकळं ठेवलंय.

गोरक्ष : इंचाचा आठवा हिस्सा मोकळा म्हणजे जावयासारखी ऐटीत आत जाईल. द्या इकडं. चालू करायच्या आधी नुसती सरकवून बघतो… नाय जात, वहिनी.

मनीषा : तिरकी धरली असेल.

गोरक्ष : सरळच धरलीय. बघा, दोन्हीकडं घासतेय. टेप लावतो… साडेबारा. भरून साडेबारा, वर केसभर जास्तच.

मनीषा : तुमच्या टेपचा हूक ढिला झालाय. ही घ्या स्टीलची पट्टी, ह्यांच्या हातची आहे. लावा आणि वाचा.

गोरक्ष : सव्वाबारा… अन् एक सूत. बरोबर हाय तुमचं.

स्नेहल : एकाच फळीच्या दोन रुंद्या कशा असतील?

गोरक्ष : पट्टीच्या कडेला काहीतरी बारीक कोरलंय. माझा चष्मा आत राहिला. तू वाच.

स्नेहल : 'सी. आय.' असं आहे. आणि पुढं, 'वन बाय एट पर फूट'.

मनीषा : अगं बाई.

स्नेहल : काय झालं?

मनीषा : पॅटर्नची पट्टी आहे ही. सी. आय. म्हणजे ओतीव लोखंड. ते वितळवून ओतलं की थंड होताना आक्रसतं. फुटाला एक सूत. म्हणून साचा तेवढा मोठा करायचा असतो. दर वेळी कोण आकडेमोड करत बसेल, म्हणून पट्टीच मोठी बनवतात. हिच्यावरचा एक फूट म्हणजे खरा एक फूट आणि एक सूत.

गोरक्ष : अन् तुम्ही लाकडाच्या पाटाला लोखंडाची पट्टी लावली.

मनीषा : घरात दुसरी नाहीच. ह्यांच्या पेटीत हीच होती. अकरा वर्षं कंपनीत माझ्या खिशात हीच आणि घरी आल्यावरही हीच. कपाट हिनंच मोजून केलं, देवघर हिनंच, पलंग हिनंच. सगळं एकमेकांशी बरोबर बसतं, मग कळणार कसं?

स्नेहल : थांब, पलंगपण? म्हणून गादी कमी पडते? पाच वर्षं मी त्या गादीवाल्याच्या नावानं बोटं मोडतेय आई. रोज माझा मोबाईल त्या फटीत जातो.

मनीषा : सहा फुटांना सहा सूत. पाऊण इंच. तेवढीच फट आहे.

गोरक्ष : आता त्या गादीवाल्याला पण एक पत्रिका द्या.

मनीषा : हसू नका. अकरा वर्षांत शॉपमध्ये माझं एक काम परत आलं नाही, आणि लेकीच्या लग्नाच्या पाटाला चुकले. बाकीचे तीनही तसेच चिकटवून ठेवलेत घरी.

गोरक्ष : चुकलं म्हणजे काय, मोठंच केलंत ना. लाकडात मोठं केलेलं निस्तरता येतं, लहान केलेलं नाय. पिवळं तेरा इंची हाय, त्याच्यात आहे तसं जाईल, पण टेबलांचं सुख जाईल. दीड हजार पाट कराल पुढं, ह्या चारांसाठी मशीन बदलू नका. एका कडेचं एक सूत काढून टाका. मागं बेंच हाय, शिकंजा हाय. रंधा काढून देऊ?

मनीषा : द्या. मीच काढते.

स्नेहल : आई, थांब जरा. ह्या फळीच्या मागं तू पेन्सिलीनं काय लिहिलंयस? 'भाऊजी'?

मनीषा : सवय. कुठला तुकडा कुठं बसणार ते लिहून ठेवतात. पॅटर्न शॉपची पद्धत आहे.

स्नेहल : म्हणजे घरी एकावर माझं नाव, एकावर योगेशचं, एकावर काकूचं. आणि तुझं कशावर?

मनीषा : करणाऱ्याचं नाव लिहीत नसतात. बाजूला हो, रंधा मारू दे.

स्नेहल : अंकल, तुम्हीच सांगा आता. पप्पा गेले तेव्हा मी पंधरा वर्षांची. बारावी, डीएमएलटी, माझी गाडी, माझं आजारपण, सगळं हिनं केलं. काका-काकू चांगले आहेत, माझं काही म्हणणं नाही त्यांच्याबद्दल. पण माझा हात योगेशच्या हातात देताना हिनं मागं उभं राहायचं, अक्षता वाटत? तिकडच्या लोकांनी एका शब्दानं सांगितलेलं नाही. योगेशची आई तर म्हणाली, आम्हाला काहीच अडचण नाही. हीच ऐकत नाही.

मनीषा : अडचण नाही असं बैठकीत सगळेच म्हणतात. मांडवात वेगळं असतं. तुला आठवतं का, तीन वर्षांपूर्वी तुझ्या आत्याच्या ओमची हळद होती?

स्नेहल : मी ड्युटीवर होते. संध्याकाळी आले.

मनीषा : म्हणून तुला माहीत नाही. ओमला मी लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलेला. सगळ्याजणी लावत होत्या, मीही हळदीची वाटी उचलली. एका म्हातारीनं माझ्या हातातून ती घेतली. हळूच घेतली. म्हणाली, मनीषा, तू राहू दे बाळ, तू बस. आणि पाठीवरून हात फिरवला. ओरडली असती तर मी भांडले असते गं. मायेनं बोलल्यावर काय करायचं माणसानं? वाटी दिली आणि जाऊन पोळ्या लाटायला बसले. कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. ओमच्या तेवढं आलं. तो पाटावरून माझ्याकडं बघत होता, आणि त्याचं तोंड इतकंसं झालं होतं. मला तुझं तसं तोंड बघायचं नाही. तेवढंच आहे.

स्नेहल : तू मला हे तीन वर्षं सांगितलं नाहीस.

मनीषा : सांगून काय करणार होतीस? त्या म्हातारीशी भांडली असतीस. ती बिचारी गेली मागच्या वर्षी.

स्नेहल : मग मीपण एक तुला न सांगता केलंय. परवा मी बहिरूकाकांना फोन केला.

मनीषा : स्नेहल.

स्नेहल : ऐकून घे. झेंडूची तोड चालली होती, तरी काका बांधावर जाऊन वीस मिनिटं बोलले. मी म्हटलं, काका, राग मानू नका, मला आईनं बसायला हवंय. मला वाटलं आता चिडणार. ते म्हणाले, पोरी, तुझी आई मला विचारायला आली तेव्हाच मला म्हणायचं होतं, की वहिनी, तुम्ही बसा. पण तसं म्हटलं असतं तर तिला वाटलं असतं, भाऊ गेल्यावर दिरानं अंग काढून घेतलं. म्हणून हो म्हणालो. म्हणजे बघ आई, तू त्यांना वाईट वाटू नये म्हणून विचारलंस आणि त्यांनी तुला वाईट वाटू नये म्हणून हो म्हटलं. शुगर आहे त्यांना, कन्यादान होईपर्यंत उपास करायला लागला असता, तरी हो म्हणाले. शेवटी म्हणाले, वहिनी बसत असतील तर मी मांडवाच्या दारात उभा राहतो, कोण काय कुजबुजतं बघतो.

मनीषा : भाऊजी असं म्हणाले?

स्नेहल : अगदी ह्याच शब्दांत. काकूनं मागून फोन घेतला आणि म्हणाली, मला नवी साडी तेवढी घेऊ देत, मग मी कुठंही बसते.

मनीषा : ती म्हणायचीच.

स्नेहल : मग आता काय राहिलं?

मनीषा : ते लोकांचं झालं. लोकांचं मी एक वेळ बघून घेईन. पण तो जोडीचा विधी आहे गं. दोघांनी बसायचं असतं. मी एकटी बसले की शेजारची जागा रिकामी दिसणार. ह्यांची जागा. तुझा हात हातात घ्यायचा आणि नजर सारखी तिकडं जायची. मला नाही झेपणार ते. मागं उभी राहिले तर निदान रडता तरी येईल.

गोरक्ष : रिकामी नसतात ठेवत, वहिनी.

मनीषा : काय?

गोरक्ष : मी मघापासून गप हाय, तुमच्या घरचा मामला म्हणून. पण आता बोलतो. माझी बायको गेली तेव्हा शुभांगी माझी चौथीत होती. तिच्या लग्नात कन्यादान मी केलं. एकट्यानं. गुरुजींनी आदल्या दिवशी विचारलं, सौभाग्यवती नाहीत ना, मग सुपारी आणा. विधीला बसलो तर त्यांनी माझ्या कमरेला, धोतराच्या गाठीत सुपारी खोचली. म्हणाले, ही तुमची पत्नी, आता जोडी झाली, घ्या पळी हातात. संपलं. चारशे माणूस होतं मांडवात, कुणी हूं की चूं केलं नाय. मला कुणी म्हटलं नाय, गोरक्ष, तू राहू दे, तू बस.

स्नेहल : आणि तुम्हाला कसं वाटलं होतं?

गोरक्ष : खरं सांगू? पहिल्यांदा हसू आलं. एवढीशी सुपारी, अन् ही माझी बायको म्हणे. पण मग हात सारखा तिथंच जायला लागला. पडली तर नाय ना, बघायला. मंत्र चालू होते अन् मी मनात तिला म्हणत होतो, बघ, आपली पोर किती मोठी झाली. एवढं मी ती जिवंत असताना तिच्याशी बोललो नव्हतो.

मनीषा : हे कधी बोलला नाहीत तुम्ही.

गोरक्ष : पुढचं ऐका, ते तर कुणालाच सांगितलेलं नाय. शुभांगीला वाढवली कुणी? मी तर सकाळी नऊपासून ह्या दुकानात. तिला वाढवली माझ्या बहिणीनं, मालनबाईनं. तीपण तुमच्यासारखीच, तिशीत कुंकू गेलेली. वेणीफणी, डबा, दुखणंखुपणं, पोरीचं पहिलं न्हाणं, सगळं तिनं केलं. अन् लग्नाच्या दिवशी ती शेवटच्या रांगेत खांबाला टेकून उभी. बहीण भावाशेजारी जोडीनं बसत नाय, ते मलाही कळतं. पण तिला चार पावलं पुढं बोलवायला काय झालं होतं मला? सुपारीला पाटावर जागा मिळाली अन् माझी बहीण मागं उभी राहिली. मला दिसत होती ती. मी नजर खाली घातली. नऊ वर्षं झाली, अजून तिला विचारलं नाय, बाई, तुला त्या दिवशी कसं वाटलं. जेवायला वाढते रोज. विचारायचं धाडस नाय होत.

मनीषा : त्या काही बोलल्या असत्या असं वाटतं तुम्हाला?

गोरक्ष : नाय. तुमच्यासारखंच, मीच नको म्हटलं, असं म्हणाली असती.

मनीषा : रंधा चांगला लावलाय तुमचा. निघालं एक सूत. बघा आता लावून तुमचा टेप.

गोरक्ष : सव्वाबारा अन् एक सूत. आता खरंखुरं. कानात बोळे घाला दोघी. स्नेहल, तू तिकडं जाऊ नको. कुणी धरायचं नाय. ते टेबल एकटं कसं तोलतं तेच आईला बघायचंय. रेषा बघून, पातं पाव सूत खाली घेतो.

(मशीन सुरू होतं. फळी आत जाते, पलीकडच्या टेबलावर अलगद येऊन थांबते. मशीन बंद.)

मनीषा : टोकाला खड्डा नाही.

गोरक्ष : नाय ना? बोट फिरवा. खिळापण नाय निघाला, रेघ नाय कुठं.

मनीषा : छान काढलीय. तीस वर्षं लाल रंगाखाली होतं हे लाकूड, बघा कसा रंग निघालाय आतून.

स्नेहल : आई, नाव गेलं. 'भाऊजी' पुसलं गेलं.

मनीषा : जाणारच. ती बाजू वर घातली होती.

स्नेहल : तू घातलीस की अंकलनी?

मनीषा : मीच दिली त्यांच्या हातात. गोरक्षभाऊ, निळं बांधा. एक जादा पात्यांची जोडी द्या. आणि एक साधी पट्टी द्या, साधी बारा इंची, जगात चालते ती.

गोरक्ष : पट्टी माझ्याकडून आहेर. अन् ती जुनी?

मनीषा : ती राहील. तिच्यावर मोजलेली कपाटं आहेत घरात, दार दुरुस्त करायचं झालं तर तीच लागेल. मशीन उद्या चारनंतर पोचवा, राज उठलेला असतो. उतरवायला त्याला हाक मारीन. स्नेहल, पत्रिका दे आता त्यांना.

स्नेहल : घ्या अंकल. सहकुटुंब यायचं.

मनीषा : नुसतं लग्नाला नाही. आदल्या दिवशी हळदीलाच या, आणि मालनबाईंना घेऊन या. मी स्वतः त्यांना फोन करीन. पहिली वाटी मी त्यांच्या हातात देणार आहे, आणि कुणी घ्यायला आलं तर मी बघते.

गोरक्ष : तिला मी काय सांगू?

मनीषा : काही सांगू नका. आधी विचारा. नऊ वर्षांचं राहिलंय ते.

गोरक्ष : विचारतो. आज जेवताना विचारतो.

स्नेहल : आई, आणि ह्या फळीच्या मागं आता काय लिहायचं?

मनीषा : घरी गेल्यावर बघू. गोरक्षभाऊ, ती सुपारी गुरुजींनी कुठल्या बाजूला खोचली होती तुमच्या?

गोरक्ष : उजवीकडं. पूजेला बायको उजव्या हाताला बसते ना.

मनीषा : मग माझी डावीकडं येईल.